संगनमत करून

कोर्टासमोरच्या लिंबाखाली विरेश पंधरा वर्षं लोकांचे अर्ज आणि फिर्यादी टाईप करत होता. 'आरोपींनी आपसात संगनमत करून' हे शब्द तर त्याची बोटं झोपेतही बडवतील. वकील मंडळी चवीपुरतं मीठ टाकावं तसे ते कागदात टाकतात, अशी त्याची समजूत. समजूत दुसऱ्याच्या कागदापुरती ठीक असते. आज गुरुवार उजाडला आणि त्याच्या पाचावर धारण बसली.

अकरा वाजता मोहोळच्या संगप्पाकाकांची साक्ष होती. भरबाजारात कल्लप्पानं माणूस भोसकला, ते काकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि जामिनावर सुटलेला हा कल्लप्पा विरेशचा चुलतभाऊ.

रविवारी दुपारी त्यानं विरेशला घरी बोलावून घेतलं. त्याचा ट्रक ड्रायव्हर सोमेश तिथं बसलेलाच होता.

"म्हातारा गाडीवर येतो न्हवं? कवा निगतो?" कल्लप्पानं विचारलं.

काकांचे कागद विरेशच टाईप करायचा. तो बोलून गेला, "साडेनवाला."

"मग हायवेवर माजा ट्रक हाय की," सोमेश म्हणाला.

कल्लप्पानं देवापुढचं बेलाचं तबक पुढं सरकवलं. "उचला. शिवाची आण हाय."

सोमेशनं पान उचललं. विरेशनंही उचललं. कल्लप्पाला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. पण तोंडानं आपण हो म्हटलंच नाही, एवढ्या एका गोष्टीवर तो चार दिवस तगून होता.

नऊ वाजता ॲडव्होकेट शिवलीलाताई आपला अर्ज न्यायला आल्या.

"मॅडम, एक पक्षकार विचारत होता. खुनाचं ठरलं, पण यानं स्वतः काहीच केलं नाही, तर?"

"खुनाचा कट असेल तर ठरवणं हाच गुन्हा," ताई कागद वाचत म्हणाल्या. "दोन माणसं पुरतात. हत्याराला हात लावावा लागत नाही."

"नुसतं ऐकलं असलं तर?"

"कानावर पडलं म्हणून कुणी आरोपी होत नाही. संमती लागते."

विरेशच्या जिवात जीव आला. "त्यानं तोंडानं हो म्हटलंच नाही, मॅडम."

"तोंडानंच कशाला? मान डोलावली, हातात हात दिला, तरी ती संमतीच." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय केलं होतं त्यानं?"

विरेश मशीनकडं बघत म्हणाला, "आता माघार घेतली तर?"

"झालेला गुन्हा पुसला जात नाही. माणूस वाचला तर कोर्ट तेवढं बघेल कदाचित. वेळ आहे का अजून?"

नऊ वीस झाले होते. विरेशनं फोन लावला.

"काका, निगालात का?"

"किक मारतोय की."

"घरातच थांबा. रस्त्यावर येऊ नका. पोलीस येतील, त्यांच्याच गाडीतनं या."

"बरं. तू म्हनतोस तर थांबतो. तुज्यावर इस्वास हाय म्हनून तर समदे कागद तुज्याकडं."

ताईंनी एव्हाना सगळं ओळखलं होतं. त्या पोलीस ठाण्याचा नंबर लावत होत्या. विरेशला पळून जावंसं वाटलं. तुरुंग दिसत होता, कल्लप्पाचा सुरा दिसत होता, घरी वाट बघणारी बायको राजेश्वरी दिसत होती. त्यानं मशीनमध्ये कोरा कागद चढवला.

'आरोपी क्रमांक एक' इथवर बोटं सवयीनं आली आणि अडली. मग त्यानं स्वतःचं नाव टाईप केलं.