तपासायचा राहिलेला दिवा

जुन्या इटालियन दिव्यांच्या संग्राहकांत तिला सगळे भिंगबाई म्हणत. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा एखादा दिवा कुणाच्या हाती लागला की तो खरा की नक्कल, हे सांगायचं काम तिचं. तिचं ‘नाही’ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाजारातून आणलेली भेंडीसुद्धा ही भिंगाखाली धरते, असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा. अकरा वर्षांपूर्वी ती दोघं वेगळी झाली. गेल्या महिन्यात तो गेला.

आणि आज सकाळी कार्यशाळेच्या दारात नणंद उभी, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरून.

“वहिनी, येऊ का?”

“आता कसली गं वहिनी?”

“मग काय मॅडम म्हणू? जीभ वळायला हवी ना!” तिने गाठोडं जपून टेबलावर ठेवलं. “दादाचा दिवा. संग्रहालयवाले घेतायत. खाली त्याच्या नावाची पट्टी लावणार आहेत. फक्त तुझा दाखला हवा.”

आत काय आहे ते भिंगबाईला न सोडताही ठाऊक होतं. जाड पितळी बूड आणि वर दुधी काचेचा गोल. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, बंद पडलेल्या एका हॉटेलातून दोघांनी तो मिळवला होता. पलंगाच्या एकाच बाजूला दिवा बरा दिसेना, म्हणून नवऱ्याने त्याचा हुबेहूब जोडीदार करवून घेतला. खरा कोणता, हे त्या दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. वेगळं होताना तो तावातावाने म्हणाला होता, “खरा मी ठेवतोय. नक्कल तुला पाठवतो, बस तपासत!” खोकं आलं, तेव्हा तिने दिवा काढून मागच्या खोलीच्या फळीवर ठेवला आणि वळूनही बघितलं नाही.

“खराच आहे हा,” ती नणंदेला म्हणाली. “पण बघितल्याशिवाय मी सही करत नाही.”

“बघ बाई. तुझ्या तावडीतून देवसुद्धा सुटायचा नाही.”

भिंगबाई नेहमी बुडापासून सुरुवात करायची. तिने दिवा आडवा केला आणि खाली चिकटवलेली बनात, म्हणजे हिरवं जाड लोकरी कापड, पातळ सुरीने सोडवली. तिथे कारागिराने हाताने कोरलेला आकडा असायला हवा होता. पितळ कोरं होतं. मग तिने काचेची जाडी तीन ठिकाणी मोजली. तोंडाने फुंकलेली काच कुठे जाड, कुठे पातळ असते. ही तिन्ही ठिकाणी सारखीच भरली.

“काय गं? चेहरा का उतरला?”

“थांब जरा.”

मागच्या खोलीच्या दाराला, ते उघडं राहावं म्हणून, खोक्यातून आलेल्या त्या दिव्याचं पितळी बूड लावलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी फळी पुसताना तिचा कोपर लागून त्याची काच फुटली होती. नक्कलच तर होती, म्हणत तिने तुकडे केरात टाकले होते. ती जमिनीवर बसली, बूड उलटं केलं आणि बनातीच्या कडेला नख लावलं. बनात लगेच सुटली. डिंकाचे दोनच ठिपके. चिकटवणाऱ्याने ती उघडली जावी म्हणूनच चिकटवली होती. खाली सत्तावीसचा आकडा होता, सातच्या कमरेवर इटालियन पद्धतीची आडवी रेघ असलेला.

ती बूड घेऊन बाहेर आली.

“खरा हा. तू आणलास ती नक्कल.”

“आणि याची काच?”

“फोडली मी. केरात गेली.”

नणंदेने एकदा बुडाकडे, एकदा आपण आणलेल्या दिव्याकडे पाहिलं. “म्हणजे दादानं तुला फसवलं?”

“नाही गं. पहिल्याच दिवशी मी हा उलटा करून बघेन, असं त्याला वाटलं असणार. मी काय उलटं करून बघत नाही?”

नणंदेने त्या आकड्यावरून बोट फिरवलं.

“तरीच,” ती म्हणाली. “खोकं पाठवलं त्या आठवड्यात तो घराबाहेर पडला नव्हता. जेवायला बोलावलं तर म्हणे, नको, तिचा फोन येईल. मी म्हटलं, ती कशाला करतेय? तर म्हणे, तिला राहवायचं नाही.”

“किती दिवस?”

“दिवस?” नणंदेने मान हलवली. “हॉस्पिटलातसुद्धा फोन उशाशी लागायचा त्याला. आम्ही चिडवायचो, तुला कुणाचा येणार आहे रे म्हणून.”

“मग त्यानं का नाही केला?” भिंगबाईचा आवाज चढला. “नुसतं म्हणायचं होतं, उलटा करून बघ!”

“तू केलास?”

भिंगबाईने दाखल्याचा कागद पुढे ओढला. ‘नक्कल’ असं लिहिलं, खाली मोजमापं लिहिली, सही केली. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं. मग तिने सत्तावीसच्या आकड्यावर भिंग धरलं. बाजूला केलं, पुन्हा धरलं. तिसऱ्यांदा धरायला गेली, तेव्हा नणंदेने भिंगावर हात ठेवला.

“वहिनी,” ती म्हणाली, “ठेव आता ते.”