वीतभर बाहेर लावा मला

मी एक जुना जॅक आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेलो आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे मग उगाच 'किती कडवट बोलतो हा' असं कुणी म्हणायला नको.

ज्या गाडीच्या डिकीत मी राहतो ती आणि मी एकाच कारखान्यातून बाहेर पडलो. तिथे लोखंड तापवून मला घडवलं, माझ्या स्क्रूला आटे पाडले, डोक्यावर चपटी टोपी बसवली. हँडल फिरवलं की मी चढतो आणि माझ्याबरोबर अख्खी गाडी चढते. पण कौतुक मात्र सगळं गाडीचं. रस्त्यात लोक थांबून तिच्याबरोबर फोटो काढतात. डिकी उघडून माझा फोटो काढणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

त्याचंही मला फारसं वाईट वाटलं नसतं. माझी मालकीण चांगली होती. ती नर्स, म्हणून सगळे तिला नर्सबाई म्हणत. रात्री-अपरात्री ती गाडी काढायची आणि कुणाच्या तरी दारात जाऊन उभी राहायची. तान्ह्या बाळाची शीर तिला पहिल्या खेपेत सापडायची, असा तिचा हात. टायर पंक्चर झाला तर कुणाची वाट न बघता पदर खोचून मला बाहेर काढायची, चाक बदलायची आणि परत ठेवताना मला फडक्यात गुंडाळायची. नवरा गेल्यावरही ती थांबली नाही. निवृत्त झाल्यावर मैत्रिणींना दवाखान्यात ने, बाजारात ने, हे तिचं चालूच होतं.

मग गाडीला दुखणं लागलं. पुढचं डावं चाक खड्ड्यातून गेलं की 'टक' असा आवाज यायचा, आणि सरळ चालताना गाडी डावीकडे ओढायची. डिकीत पडल्या पडल्या मला सगळं ऐकू यायचं.

नर्सबाईंचा मुलगा शेजारी बसलेला असायचा. तो म्हणायचा, "आई, तू स्टेअरिंग नीट धरत नाहीस. गाडी बघ कुठे चाललीय."

"मी नाही नेत, ती जातेय," नर्सबाई म्हणायच्या.

आता माझ्या रागाचं खरं कारण ऐका. हाच मुलगा कधी कधी स्वतः गाडी चालवायचा. तेव्हाही तोच टक, तीच ओढ. पण तेव्हा तो काय म्हणायचा? "काय भिकार रस्ता केलाय." म्हणजे त्याने चालवली तर दोष रस्त्याचा, आणि आईने चालवली तर दोष आईच्या हातांचा. रस्ता तोच, गाडी तीच. मी जीभ नसलेलं लोखंड, नाहीतर तिथल्या तिथे सुनावलं असतं.

मुलाने टायर बदलले. अलाइनमेंट करून आणलं. फरक शून्य. शेवटी त्याने मिस्त्रीला घरच्या गॅरेजमध्ये बोलावलं. मिस्त्रीने मला डिकीतून काढलं, गाडीच्या चासीखाली, म्हणजे मधल्या सांगाड्याखाली लावलं आणि हँडल फिरवलं. गाडी वर गेली, चाक लोंबकळलं. त्याने चाक धरून गदागदा हलवलं आणि खाली पहार घालून ते उचलूनही पाहिलं.

"चाक एकदम घट्ट आहे," तो म्हणाला. "पुढचं सगळं काम ठीक आहे. साहेब, राग मानू नका, पण वय झालं की हात थोडा सरकतोच."

मुलाने मान डोलावली. त्याला बहुतेक हेच ऐकायचं होतं. त्याने गॅरेजच्या भिंतीत वर, अगदी वर, एक खिळा ठोकला आणि गाडीची किल्ली त्याला अडकवली. लहान मुलांच्या हाताला लागू नयेत म्हणून औषधं ठेवतात, तशी. नर्सबाई चवड्यांवर उभ्या राहिल्या असत्या तरी त्यांचा हात तिथे पुरला नसता.

"आई, तुझ्या काळजीपोटीच करतोय," तो म्हणाला.

स्वतःचे दोन्ही हात समोर धरून त्या बघत राहिल्या. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी एवढी वजनं उचलली, पण तेव्हा चासीखाली उभ्या उभ्या मला जे जड झालं तसं कधी झालं नव्हतं. कारण चूक कुठे आहे ते मला कळत होतं. मला चुकीच्या जागी लावलं होतं.

नीट समजून घ्या. चाक आणि त्याला धरून ठेवणारा खालचा लोखंडी दांडा, म्हणजे आर्म, जिथे जोडलेले असतात तिथे वाटीत बसवलेला एक गोळा असतो. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. आमच्या गाडीचा हा गोळा झिजला होता. पण जॅक चासीखाली असला की वरची दणकट स्प्रिंग त्या आर्मला खाली रेटतच राहते. त्या रेट्याने झिजलेला गोळासुद्धा गच्च बसून राहतो आणि शहाण्यासारखा वागतो. मला फक्त वीतभर बाहेर, आर्मखाली, चाकाजवळ लावायचं होतं.

नर्सबाई दाराकडे निघाल्या आणि थांबल्या. गॅरेजच्या त्या लाकडी दाराची वरची बिजागरी कधीची ढिली झाली होती.

"मिस्त्री, हे दार हलवून बघा," त्या म्हणाल्या.

त्याने हलवलं. आवाज नाही.

"आता जरा उचलून धरा आणि मग हलवा."

दार खडखडलं.

"लोंबतं तेव्हा त्याच्याच वजनाने बिजागरी ताणून बसते. वजन काढलं की तिचा ढिलेपणा कळतो. तुम्ही चाक लोंबतं ठेवून तपासलंत. स्प्रिंग तर अजून दाबतेच आहे. ते वजन काढा की."

"आजी, माझं आयुष्य गेलं या कामात," मिस्त्री हसून म्हणाला.

"माझंही आयुष्य तपासण्यातच गेलं. पेशंटला उभं करून दुखत नसेल तर आम्ही झोपवून बघायचो. जॅक आर्मखाली लावा."

"आई, पुरे आता," मुलगा म्हणाला.

त्या खाली बसल्या. त्यांनी स्वतः माझं हँडल उलटं फिरवलं, मला सोडवलं आणि वीतभर बाहेर सरकवून आर्मखाली नीट बसवलं. मग गाडी पुन्हा वर घेतली. त्यांचा हात जराही सरकला नाही. माझ्याइतक्या खात्रीने हे कोण सांगणार?

मुलाने पहार टायरखाली घातली आणि उचलली. टक. परत उचलली. टक. वाटीतला गोळा डोळ्यांना दिसेल इतका वरखाली होत होता.

मिस्त्रीचं हसू गेलं. "हा केव्हाही निसटला असता," तो म्हणाला. "चालत्या गाडीचं चाक आडवं झालं असतं."

मुलाने पहार खाली ठेवली. काल याच गाडीतून त्याने स्वतःच्या मुलीला शाळेत सोडलं होतं, डाव्या बाजूला बसवून.

मिस्त्रीने कान पकडले, नवा बॉल जॉइंट आणून बसवला आणि ग्रीस भरलं. गाडी सरळ चालायला लागली. मुलाने खिळ्यावरची किल्ली काढली आणि मान खाली घालून आईपुढे धरली.

"चुकलं माझं, आई. घे."

नर्सबाईंनी किल्ली घेतली नाही. "आधी खिळा काढ," त्या म्हणाल्या.

"राहू दे ना खिळा. किल्ली तर देतोय."

"खिळा राहिला की एखाद्या दिवशी किल्ली परत तिथे जाईल. काढ तो."

त्याने पक्कड आणून खिळा उपटला. मगच त्यांनी किल्ली कमरेला खोचली, मला तेल लावलं, फडक्यात गुंडाळलं आणि डिकीत ठेवलं.

मित्रांनो, माझा राग अजून पुरता गेलेला नाही. तुमच्याही घरात कुणाचे हात थरथरत असतील, कुणाचं काही चुकत असेल. कधी ते खरंच वयामुळे असेलही. पण तसं म्हणण्याआधी एकदा वाकून खाली बघा, आणि जॅक कुठे लावलाय तेही बघा. आणि भिंतीवर, त्यांचा हात पुरणार नाही अशा उंचीवर, तुम्ही एखादा खिळा ठोकला असेल, तर आज घरी गेल्यावर तो काढून टाका.