झुल्याची वही

मी एक दुरुस्तीची वही. हिरव्या पुठ्ठ्याची, वंगणाने माखलेली. ओहायोतल्या जत्रांमधून फिरणाऱ्या एका साखळ्यांच्या झुल्यापाशी मी अकरा उन्हाळे खिळ्याला लटकले.

ऑरिन नावाचा म्हातारा मिस्त्री रोज सकाळी झुला तपासून माझ्यात लिहायचा. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. 'सातवी साखळी झिजली' असं त्याने दोनदा लिहिलं आणि मालकाला, व्हर्जिल कुबियाकला, त्यावर बोट ठेवून दाखवलं. व्हर्जिल दोन्ही वेळा 'बघू' म्हणाला. शेवटी ऑरिननेच नवी साखळी आणून बसवली, तिचा नंबर लिहिला आणि मालकाला सांगण्याआधीच हृदयविकाराने गेला.

आठवडाभरात तीच नवी साखळी तुटली. लोरेटा स्वेन्सन नावाच्या शिक्षिकेचं खुब्याचं हाड मोडलं. तिने दावा लावला.

इथे अमेरिकेत खटला उभा राहण्याआधी दोन्ही बाजूंनी आपापले कागद एकमेकांना दाखवायचे असतात. लोरेटाच्या वकिलाने मला मागितलं. झिजल्याची नोंद माझ्यात आहे हे व्हर्जिलला ठाऊक होतं; त्याने मला न उघडताच मासे पकडायच्या सामानाच्या पेटीत कोंबलं आणि 'हरवली' म्हणून कळवलं. न्यायाधीशबाईंनी महिन्याची मुदत दिली. मग रोजचा दंड लावला. मी पेटीतच. तिसऱ्यांदा त्यांनी व्हर्जिलच्या बायकोला, मार्लीनला, साक्षीला बोलावलं.

"हरवली म्हण, एवढंच," व्हर्जिल म्हणाला.

"बायबलवर हात ठेवून? तुझ्यासाठी स्वयंपाक केला, तिकिटं फाडली. हे नाही करायची."

दुसऱ्या दिवशी तिने मला कोर्टाच्या टेबलावर ठेवलं.

व्हर्जिलच्या वकिलाने शेवटचं पान उघडलं आणि ताडकन उभा राहिला. साखळी नवीच होती, दोष बनवणाऱ्याचाही असू शकतो, असं तो सांगू लागला.

"ही वही आठ महिन्यांपूर्वी आली असती, तर मी ऐकलं असतं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "साखळीचे तुकडे भंगारात गेले. आता तपासायचं काय? तुमचा बचाव मी रद्द करते. ज्यूरी फक्त भरपाई ठरवेल."

लोरेटा काठी टेकत बाहेर गेली.

झुला विकला गेला. मी कोर्टाच्या तळघरात खोक्यात आहे, पाठीवर नंबराची चिठ्ठी. एकदा व्हर्जिल आला. कारकुनासमोर बसून त्याने ऑरिनचं अक्षर पहिल्या पानापासून लावलं. दुपार गेली. शेवटच्या पानाशी तो हळूच म्हणाला, "मला वाटलं होतं, ती झिजलेलीच साखळी तुटली, माझ्यामुळेच."

वाचकहो, कधी मला लपवावंसं वाटलंच, तर आधी वाचा.