पाणसळेतला बुडबुडा

माझ्या दाराजवळ, तळाच्या फळीवर, बोटभर लांबीची पितळी पाणसळ बसवलेली आहे. तिच्या काचेत गव्हाच्या दाण्याएवढा बुडबुडा आहे. मी सपाट उभी असले की तो दोन काळ्या रेघांच्या बरोबर मध्ये राहतो. आत कोणी खाटेवर बसले की माझी ती बाजू किंचित दबते आणि बुडबुडा उलट बाजूला सरकतो. माणूस जेवढे जड, तेवढा तो जास्त सरकतो. पहिल्या वर्षी बाईसाहेब आपल्या खाटेवर बसल्या की तो रेघ ओलांडून जाई. शेवटच्या वर्षी त्या बसत, आणि तो हलला की नाही हे निरखून पाहावे लागे.

मित्रांनो, मी एक जुनी, चाकांवरची खोली आहे. मोटारीच्या मागे जोडून मला ओढत नेत असत. माझ्या मालकांचा पुण्यात प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींचे सांगाडे बांधण्याचा कारखाना होता. एका मोडलेल्या लॉरीचा मागचा कणा, चाकांसकट, त्यांनी बाजूला ठेवला होता. त्यावर त्यांनी सागाची चौकट चढवली, रंग दिलेल्या कॅनव्हासचे छप्पर घातले, आत दोन खाटा आणि स्टोव्हसाठी एक फळी बसवली. खिडक्या चार केल्या. दोन पुरल्या असत्या, पण बाईसाहेबांना वारा आवडे.

दिवाळीत आणि मे महिन्यात आम्ही भाटघरच्या धरणावर मुक्कामाला जात असू. कात्रजचा घाट मोटार धापा टाकत चढे. कापूरहोळला तिला पाणी पाजायचे आणि भोरच्या रस्त्याला वळायचे. धरणाच्या काठावर उताराची जमीन असे. मालक माझ्या चाकांखाली चपटे दगड सरकवत आणि बाईसाहेब आतून सांगत, "अजून थोडं. आला मध्ये. बास." मग चहा होई. त्यांना मूल नव्हते. त्या दोघांचे हसणे पाण्यावरून लांबपर्यंत ऐकू जाई.

काठावर हैबती नावाचा धनगर शेळ्या चारायला येई. मला पहिल्यांदा पाहून तो बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला.

"मालक, मोटारीला वासरू कवा झालं?"

"या शिमग्याला," मालक म्हणाले.

"आन दूद पितं का पेट्रोल?"

तेव्हापासून त्या काठावर मला सगळे वासरूच म्हणत. आसपासची माणसे पोरांना कडेवर घेऊन मला बघायला येत. कोणी माझ्या भिंतीवरून हात फिरवी. इतके कौतुक पुढे कधी वाट्याला आले नाही.

मग बाईसाहेबांना खोकला लागला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, थुंकी तपासायला पाठवली आणि मालकांना बाजूला घेऊन सांगितले, की क्षय आहे. मोकळ्या, कोरड्या हवेत ठेवा. पुण्यात शेजाऱ्यांना सुगावा लागला. त्यांनी बाईसाहेबांना नळावर यायची मनाई केली. पावसाळा सरताच मालकांनी कारखाना भावाच्या हाती दिला आणि मला मोटारीला जोडले. या खेपेस आम्ही नेहमीच्या जागी थांबलो नाही. पाण्याच्या कडेने वर, वेल्ह्याच्या बाजूला, जिथे हैबतीसह धनगरांच्या चारच झोपड्या होत्या तिथे मालकांनी दगड मांडले.

हैबतीची बायको फुलाबाई दूध, पाणी आणि भाकरी आणून देऊ लागली. तिची तान्ही मुलगी बनी पाठीला बांधलेली असे.

"बाईसायबांना काय झालंय?" तिने पहिल्याच दिवशी विचारले.

"खोकला आहे. हवापालटाला आणलंय," मालक म्हणाले.

बाईसाहेबांची वाटी, पेला, ताटली वेगळ्या फळीवर असत. फुलाबाईने त्यांना हात लावायचा नाही, असे मालकांनी सांगून ठेवले होते. बाईसाहेब थुंकत त्या झाकणाच्या भांड्यात फिनेल असे. त्यातले सगळे मालक स्वतःच लांब नेऊन पुरत. फुलाबाईने याचा आपल्या परीने अर्थ लावला.

"शेरातल्या बाया लई सोवळ्याच्या," ती हसून म्हणाली. "आमी धनगर. आमचा हात कसा चालंल? आसू द्या. आमाला त्याचं काय न्हाई."

मालकांनी ती समजूत तशीच राहू दिली. तो गैरसमज त्यांच्या सोयीचा होता.

थंडी पडली. बनीला वारा लागू नये म्हणून फुलाबाई तिला आत, मालकांच्या खाटेवर निजवू लागली, आणि माझ्या खिडक्या लावून घेऊ लागली. मित्रांनो, मला माझ्या खिडक्या स्वतः उघडता येत नाहीत. बाईसाहेब तोंडावर पदर धरत आणि भिंतीकडे तोंड करून खोकत.

"अहो, तिला सांगा," त्या म्हणत.

"सांगतो. दूध कोण आणील मग? दुसरी बाई मिळू दे."

नंतर ते म्हणू लागले, थंडी सरू दे. नंतर, होळी होऊ दे.

एके दिवशी बनी रांगत बाईसाहेबांच्या खाटेपाशी आली आणि खाली ठेवलेला पेला दोन्ही हातांनी धरून बसली. बाईसाहेबांनी तो काढून घ्यायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला. पोर त्यांच्याकडे बघून हसत होते. तेवढ्यात फुलाबाई दारात आली. तिने पाहिले, आणि तिचा चेहरा उजळला. संध्याकाळी ती नवऱ्याला सांगत होती, "बाईसायबांनी आपल्याला जवळ केलं. सोवळं मोडलं त्येंनी."

आता मी कापूरहोळला एका दुरुस्तीच्या दुकानामागे उभी आहे. बाईसाहेब गेल्यावर मालकांनी माझ्या गाद्या जाळल्या, भिंतींना चुना फासला आणि दार खिळे ठोकून बंद केले. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत टायर मिळेनासे झाले तेव्हा माझे कोणीतरी काढून नेले. मी एका बाजूला कलले आहे आणि पाणसळेतला बुडबुडा काचेच्या टोकाला जाऊन बसला आहे. बनी जगली का, हे मला ठाऊक नाही. रस्त्याने बाजाराला जाणाऱ्या मुली दिसतात. त्यांत ती असली तरी मी ओळखणार नाही.

मला रंग द्या, माझी डागडुजी करा, असे मी मागणार नाही. माझ्यासारखी वस्तू मोडली तर लाकूड मोडते, एवढेच. पण माणसाच्या जिवाशी गाठ असलेली गोष्ट उद्यावर टाकू नका. माझ्या चार भिंतींत ती किती वेळा उद्यावर गेली हे मी ऐकले आहे, म्हणून सांगते.

होळी उलटल्यावरची एक सकाळ मला अजून आठवते. फुलाबाई आणि हैबती दोघेही आले. बनीच्या अंगात नवे झबले होते. फुलाबाईच्या हातात फडक्याने झाकलेला खिरीचा तांब्या होता.

"मालक, आज पोरीचं उष्टावण हाय," ती म्हणाली. "माज्या म्हायेरी कुनी उरलं न्हाई. पोरीला मामा न्हाई. तुमी मामा व्हा."

"मोटारवाला मामा," हैबती दारातून म्हणाला. "पोरगी आता चालायची न्हाई. मोटार मागंल."

मालक खाटेवर बसले. तिने बनीला त्यांच्या मांडीवर ठेवले. बुडबुडा सरकला. मग फुलाबाईने वेगळ्या फळीवरची वाटी घेतली, तिच्यात खीर ओतली आणि ती बाईसाहेबांपुढे धरली.

"आदी तुमी तोंड लावा, बाईसायेब. मग तुमच्याच हातानं तिला घास द्या. तुमच्यावानी शानी व्हईल."

बाईसाहेब उठून बसल्या. बुडबुडा जागचा हलला नाही. त्यांनी वाटीला हात लावला नाही. त्या मालकांकडे बघत राहिल्या.

"तुम्ही सांगता, का मी सांगू?"

"काय सांगायचं?" फुलाबाई हसतच म्हणाली. "घास थंड व्हतोय."

बनीने मालकांचे बोट तोंडात घातले होते. त्यांनी ते सोडवून घेतले.

"फुलाबाई, ती वाटी खाली ठेवा," मालक म्हणाले. "ते सोवळं नव्हतं. हिला क्षय आहे. पोरीला उचला आणि जा. परत येऊ नका."