नदीने नेलेले तीन सूर

मित्रांनो, मी एक जुनी मारिंबा आहे, काठ्यांनी वाजवायचे लाकडी वाद्य. कोलंबियातल्या ग्वापी नदीकाठी, लाकडी खांबांवर उभारलेल्या एका घरात मी आढ्याला टांगलेली असते. ताडाच्या काळ्या, चिवट पट्ट्या म्हणजे माझा गळा आणि त्यांच्याखालच्या बांबूच्या नळ्या म्हणजे माझी छाती.

मला बाउदिलिओ काकांनी घडवले. पट्टी तासायची, कानाशी धरून वाजवून बघायची, मान हलवायची आणि पुन्हा तासायची, असा त्यांचा उद्योग चाले. शेवटची पट्टी बसली आणि त्यांनी रबर गुंडाळलेल्या काठ्या माझ्यावर फिरवल्या, तेव्हा माझ्या अंगातून जणू झराच खळाळत गेला!

मग काय विचारता! गावात बारसे असो की संताचा उत्सव, मी हवीच. काका आणि त्यांचा पुतण्या सिल्विनो शेजारी शेजारी उभे राहून मला वाजवत. ढोल घुमू लागत आणि काकांची बहीण एर्मेन्सिया आत्या गाऊ लागे. नाचणाऱ्यांच्या पायांनी फळ्या अशा दणाणत, की घराखालच्या कोंबड्या ओरडत शेजारी पळून जात.

पुढे काका वारले. सिल्विनोने शहरातून भलामोठा स्पीकर आणला आणि माझ्याकडे कोणी बघेनासे झाले. नळ्यांत गांधीलमाश्यांनी घरे केली. खाली गाणी वाजत आणि मी वर गप्प लटकत राही.

एका डिसेंबरात मात्र आत्या हटून बसली. मेरीमातेच्या उत्सवात नदीवर सजवलेले तराफे निघतात, त्यात मला न्यायचे म्हणाली.

"आत्या, ती आता चुलीत घालायच्या लायकीची उरलीय," सिल्विनो म्हणाला.

"मग मलाही घाल तिच्याबरोबर. मी तिच्याहून जुनी आहे."

सिल्विनोने मला होडीत ठेवले आणि आम्ही तिघे निघालो. वळणावर एक मोटारबोट सुसाट गेली, तिची लाट आली आणि आमची होडी उलटली! सिल्विनो एकीकडे वाहत गेला. भिजलेला घागरा आत्याला खाली ओढत होता. तेवढ्यात तिचा हात माझ्या चौकटीला लागला. मी पालथी पडले होते, म्हणून बुडाशी बंद असलेल्या नळ्यांत हवा कोंडून राहिली होती. मित्रांनो, आयुष्यात जितका जीव ओतून मी कधी वाजलेही नव्हते, तितका जीव लावून मी त्या दिवशी तरंगले! शेजारच्या होडीवाल्यांनी सिल्विनोला आधी ओढून घेतले आणि मग आम्हा दोघींना.

माझ्या तीन पट्ट्या मात्र नदीने नेल्या.

तराफ्यावर मला टांगले, तेव्हा सिल्विनो हताश झाला होता. मधले सूरच गेले, आता वाजवायचे काय, असे तो पुटपुटत होता. आत्या केसांतले पाणी पिळत म्हणाली, "तू वाजव. जिथे पट्टी नाही, तिथे मी आहे."

त्याने काठ्या उचलल्या. पहिली मोकळी जागा आली आणि आत्याचा सूर नेमका तिथे येऊन बसला. दुसरी आली, तशा तिच्या मागच्या बायकाही गाऊ लागल्या. मग ढोल गरजले, पुढचे तराफे मागे वळले आणि दोन्ही काठांवरची माणसे माझे हरवलेले सूर गाऊ लागली! एवढी मोठी छाती मला कुठल्या बांबूने दिली असती?

आता सिल्विनोने नव्या पट्ट्या बसवल्या आहेत. त्यांचा आवाज अजून कोवळा आहे. स्पीकरही आहेच, त्याच्याशी माझे भांडण नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे वाद्य खुंटीला लटकत असेल. त्याची धूळ पुसा, पण तेवढ्यावर थांबू नका. ते वाजवा. सूर चुकला, तुटला, हरवला तरी वाजवा. तो भरून काढणारे कोणीतरी घरातच बसलेले असते; आपण सुरुवात करण्याची ते वाट पाहत असते.