आमशाची वीत

ड्रायव्हर नथ्थूनं सुरतेच्या जुन्या बाजारातून ट्रकच्या स्प्रिंगचे दोन जाड कमानपाटे आणले, तेही आगगाडीत बाकाखाली सरकवून आणि वाटेत दोघांशी भांडून. एरवी माणूस मवाळ, पण भाईदासशेठच्या ट्रकनं त्याला पिसाळून सोडलं होतं. लढाईनंतरच्या लिलावातला तो ट्रक मागून पार बसलेला. ओली मिरची भरली की सायलेन्सरचं नळकांडं नाल्यातल्या दगडांवर खरवडत जायचं, फाटायचं, आणि धूर खालच्या फळ्यांतून केबिनमध्ये शिरायचा. नंदुरबारला पोचेपर्यंत नथ्थूचे डोळे मालापेक्षा लाल. शेठला सांगावं, तर शेठ म्हणायचे, "डोया धुई टाक." घ्या, झाला इलाज.

शेवटी शेठच्या खळ्यातच त्यानं मागची बाजू जॅकवर उचलली, ओंडके लावले, घण मारमारून गंजलेले बोल्ट काढले आणि थकलेल्या पाट्यांच्या जागी नवे घातले. दिवस मावळताना ट्रक खाली उतरवला, तर नळकांड्याखालून शेणाची पाटी सरकून जावी इतका उंच. नथ्थू त्याच्याभोवती नवरदेवाच्या बापासारखा फिरत राहिला. मिस्त्रीला न बोलावता आपण हे केलं, याची त्याला फार घमेंड चढली.

आता शेठच्या गावची एक रीत होती. ट्रकमधला माल कोणी तोलत नसे. हमालांचा मुकादम आमशा भरल्या गाडीमागं उकिडवा बसायचा आणि नळकांडं नि जमीन यांच्यामध्ये आपली वीत उभी धरायचा. वीत जेमतेम मावली की म्हणायचा, "बस." मग शेठनं कितीही चडफडावं, वर एक पोतं चढत नसे. डोंगरातून बायकोला घेऊन आलेला हा भिल्ल. वाचता येत नव्हतं, पण त्याच्या वितीवर शेठची गाडी इतकी वर्षं सुखरूप जाऊन येत होती. गावात त्याला मान होता तो तेवढ्यापुरताच, आणि आमशा तो जपायचा.

पाटे बदलल्यानंतरच्या पहिल्याच खेपेला आमशानं वीत धरली, तर खाली ढीगभर जागा. अजून पोती चढली. पुन्हा धरली, तरी जागा. फळ्यांच्या वर थरांवर थर गेले, दोर पुरेनात. आमशा डोकं खाजवत म्हणाला, "नथ्थूभाऊ, गाडी मन्हावर हासी ऱ्हायनी."

नथ्थूच्या मनात पाल चुकचुकली. खोटं कशाला बोला, चुकचुकलीच. वजनानं गाडी किती बसते त्यावर आमशाचं माप, आणि ते बसणंच तर त्यानं काढून टाकलं होतं. पण शेठ कधी नव्हे ते त्याच्या पाठीवर थाप मारत उभे होते. कौतुकाला हपापलेला माणूस गाढवाहून गाढव असतो.

"भर रे आमशा," नथ्थू म्हणाला. "पाटा नवा शेतस."

नाल्यात नळकांडं एकाही दगडाला लागलं नाही. नथ्थू केबिनमध्ये एकटाच हसला. पलीकडच्या चढावर वळण घेताना वरचा डोलारा एका अंगाला झुकला, आणि ट्रक पोत्यांवर बसलेल्या आमशा नि करमसिंग हमालासकट आडवा झाला. करमसिंगचा पाय मोडला. आमशा पोत्यांखाली गेला. फुटलेल्या ओल्या मिरचीत हात घालून लोकांनी पोती ओढली. हातांची आग आग झाली, पण आमशा निघाला तो मेलेलाच.

फौजदारानं विचारलं, एवढा माल कोणाच्या सांगण्यावरून भरला? शेठ लगेच म्हणाले, "माप आमशानं. आमले त्यामा काय समजस?" फौजदारानं नथ्थूकडं पाहिलं. पाट्यांचं नाव काढावं तर लायसन जाणार, तुरुंगही होईल. नथ्थूनं शेठच्या बोलण्याला मान डोलावली. मेलेला माणूस काही उलट बोलत नाही. आठवडाभरात गाव म्हणू लागलं, आमशाला अलीकडे दिसत नव्हतं, घेतलेली असेल, मुळात त्याला मुकादम केला कोणी?

सुतकाचे दिवस झाल्यावर आमशाची बायको फुलीबाई नथ्थूच्या दारात आली. आत आली नाही.

"नथ्थूभाऊ, तुम्ही तठे व्हतात. खरं सांगा, त्यासनं माप चुकनं का?"

एक शब्द, आणि या बाईचा नवरा तिला जसा होता तसा परत मिळाला असता.

"चुकनं, वहिनी," तो म्हणाला.

ती रडली नाही. पदर सारखा करून तशीच करमसिंगच्या झोपडीकडं निघाली. नथ्थू लांबून मागं गेला. का गेला, त्यालाच ठाऊक. करमसिंग बाहेर खाटेवर पडला होता. फुलीबाई त्याच्यापुढं बसली, बांबूच्या कामट्या बांधलेल्या त्याच्या पायावर तिनं डोकं टेकलं, आणि आपल्या नवऱ्याच्या चुकीची माफी मागितली.

करमसिंग भला माणूस. त्यानं आमशाला माफ केलं.