मौळी सरांची दुसरी टेस्ट

त्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता चेन्नईच्या सालिग्रामममधल्या एका ऑफिसात जाऊन आपला चेहरा हलतो, हे चंद्रमौळींना सिद्ध करायचं होतं.

वय बहात्तर, हातपाय ठणठणीत. प्रश्न फक्त चेहऱ्याचा होता. तमिळ चित्रपटांत त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. सुरुवातीला ते नायकाचे वर्गमित्र होते, मग थोरले भाऊ झाले, मग ऑपरेशन थिएटरच्या दारात येऊन चष्मा काढणारे डॉक्टर, मग वडील. नायक मात्र होता तेवढ्याच वयाचा राहिला. अलीकडे तर त्यांच्या वाट्याला फक्त भिंतीवरचा फोटो येत असे. चित्रपट सुरू होण्याआधीच वारलेला नायकाचा बाप. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कपाळाला भस्म लावून कॅमेऱ्यापुढे बसायचं, की काम संपलं. पुढे तो फोटो मोठा करून, हार घालून भिंतीवर लावायचा आणि नायकानं त्याच्यापुढे मुठी आवळून शपथ घ्यायची.

"सर, तुमच्या डोळ्यांत मेलेल्या माणसाचा समंजसपणा आहे," असं एका फोटोग्राफरनं म्हटलं होतं. तो गंमत करत नव्हता. तेव्हापासून या कामासाठी पहिला फोन मौळी सरांनाच जाई.

आणि अशात रंजनी नावाच्या तरुण दिग्दर्शिकेनं त्यांना बोलावलं. तिच्या चित्रपटात एक निवृत्त पोस्टमास्तर सत्तरीत मोटार चालवायला शिकतो आणि सगळ्या गल्लीला वेठीला धरतो. मुख्य भूमिका. पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत जिवंत. सोमवारी टेस्ट झाली. स्टँडवर बसवलेल्या स्टिअरिंगमागे चंद्रमौळी बसले, संवाद चोख म्हटले. रंजनीनं मॉनिटरकडे बराच वेळ पाहिलं.

"सर, तुम्ही फार छान बसता," ती म्हणाली. "पण मला भीती वाटली, आता कोणीतरी येऊन तुम्हाला उदबत्ती ओवाळेल."

तरीही तिनं गुरुवारी पुन्हा यायला सांगितलं होतं. एवढी एकच संधी होती.

म्हणून त्या सकाळी वेस्ट मांबलममधल्या आपल्या घरात चंद्रमौळी आरशापुढे उभे राहून भुवया वरखाली करत होते. सरोजाबाई कॉफी घेऊन आल्या. हे मूळचं तंजावरकडचं मराठी घर; नवराबायको आपसात तिकडची जुनी मराठी बोलत, अध्येमध्ये तमिळ पेरत.

"अइयो, हें काय करताय? तोंडास वारं लागलं की काय?"

"उगी राहा, सरोजा. सराव करतोय."

तेवढ्यात फोन टुणकन वाजला. बिल्डिंगच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गंधारचा मेसेज होता. गंधार वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, सांगलीचा, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात इंजिनिअर. शिफ्ट संपवून येताना त्यानं गल्लीच्या तोंडाशी एका पोस्टरचा फोटो काढला होता. पोस्टरवर भलेमोठे चंद्रमौळी, भोवती झेंडूची फुलं, खाली पाच-सहा तरण्या माणसांचे चेहरे. सोबत गंधारनं लिहिलं होतं, 'अभिनंदन काका! अखेर पोस्टरवर झळकलात! पार्टी पाहिजे!'

गंधारला चेन्नईत येऊन दोन वर्षं झाली होती, पण तमिळ अक्षर वाचता येत नव्हतं. सरोजाबाईंना येत होतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"'कण्णीर अंजली,'" त्या म्हणाल्या. "अश्रूंची श्रद्धांजली. 'आम्हांस पोरके करून देवाघरी गेलेले आमचे अप्पा.' अहो, तुम्ही गेलात."

चंद्रमौळींच्या लगेच ध्यानात आलं. शेजारच्या गल्लीत काल शूटिंग होतं. महिन्यापूर्वी त्यांनी ज्या चित्रपटासाठी फोटो दिला होता, त्याचंच. कोणी गेलं की चेन्नईत अशी पोस्टर्स रातोरात भिंतींवर चढतात. चित्रपटातला बाप वारला म्हणून आर्ट डिपार्टमेंटनं ती छापली, चिकटवली आणि शूटिंग आटोपल्यावर सोडून दिली. पोस्टरवर नाव नव्हतं, कारण त्या बापाला दिग्दर्शकानं नावच दिलं नव्हतं.

ग्रुपवरच्या कोणीतरी गंधारचं अभिनंदन गाळून नुसता फोटो पुढे पाठवला. तो कुठून कुठे गेला ते देव जाणे, पण नऊच्या सुमारास चंद्रमौळींचा फोन जो वाजू लागला तो थांबेना. उचलला की पलीकडून हुंदका.

मग खालून मोठ्यानं रडणं ऐकू आलं. "मौळीऽ! मला सोडून गेलास रेऽ!"

चंद्रमौळींनी बाल्कनीतून वाकून पाहिलं. नारायणस्वामी होता. दोघांनी बरोबरच या धंद्यात पाऊल टाकलं होतं. चंद्रमौळी डॉक्टर असताना नारायणस्वामी न्यायाधीश असे. हातात गुलाबांचा जाडजूड हार होता.

"डेय् नारायणा, ओरडू नकोस. वर ये."

नारायणस्वामीनं वर पाहिलं. तोंड उघडं राहिलं. मग तो जिने चढून धापा टाकत आला, मित्राला मिठी मारली, त्याच्या गालाला हात लावून पाहिला, आनंदाच्या भरात हार त्याच्याच गळ्यात घातला आणि कॉफी पिता पिता पेला मधेच खाली ठेवला.

"काय रे?"

"काही नाही. म्हणजे... त्या रंजनीबाईंच्या मॅनेजरचा फोन आला होता. पोस्टमास्तरसाठी टेस्ट द्याल का म्हणून. आज अकराला."

"अकराची वेळ माझी आहे!"

"तू गेलास असं म्हणाला तो."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी खूप रडलो," नारायणस्वामी म्हणाला. "मग येतो म्हणालो."

"म्हणजे मला हार घालून तसाच माझ्या भूमिकेकडे निघाला होतास?"

"तुझं घर वाटेवरच आहे ना."

चंद्रमौळींनी सरोजाबाईंचा फोन हिसकावून मॅनेजर पुरुषोत्तमला लावला. "मी चंद्रमौळी बोलतोय."

"आवाज अगदी वडिलांचा आहे तंबी," पुरुषोत्तम हळुवारपणे म्हणाला.

"अहो, मी मुलगा नाही! मी स्वतः! मी जिवंत आहे!"

"हो तंबी, हो. असे कलावंत जिवंतच असतात. आपल्या मनात." पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "आईंना सांभाळा." फोन बंद.

गंधार दारात येऊन उभा होता. त्याला एव्हाना कोणीतरी अर्थ सांगितला होता. "काका, सॉरी. मला खरंच वाटलं सिनेमाचं पोस्टर आहे."

"सिनेमाचंच आहे," चंद्रमौळी गरजले. "बाजूला हो!"

"कन्ना, तू इकडे ये," सरोजाबाई गंधारला म्हणाल्या. "पाण्याची बादली घे. गल्लीतली असकी पोस्टरं, एकूण एक, तूच खरवडायची. तोवर मी येणाऱ्यांस कॉफी पाजते. बिचारे दुरून रडत येताहेत."

रिक्षात दोघे म्हातारे एकमेकांकडे पाठ करून बसण्याचा प्रयत्न करत होते. ते जमण्यासारखं नव्हतं. अशोक नगरच्या सिग्नलला चंद्रमौळी म्हणाले, "निदान तेराव्यापर्यंत थांबायचं होतंस."

"टेस्ट आज होती."

"मी तुझ्या वेळी थांबलो असतो."

"खोटं बोलू नकोस. तू स्मशानातून परस्पर गेला असतास."

रिक्षावाला आरशातून हार घातलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहत होता. "सर, साठीशांत का? त्याच बायकोशी दुसरं लग्न?"

"पुढे बघून चालव!" दोघं एकदम म्हणाले.

ऑफिसचं दार चंद्रमौळींनी ढकललं तेव्हा पुरुषोत्तम कागद चाळत होता. दारात मयत माणूस उभा, गळ्यात हार, घामाघूम, डोळे लाल. पुरुषोत्तमच्या हातून कागद गळाले. रंजनी मॉनिटरमागून उठली आणि परत खाली बसली.

"पोस्टर शूटिंगचं होतं," चंद्रमौळींनी एवढंच सांगितलं आणि कोणी काही बोलायच्या आत स्टिअरिंगमागच्या खुर्चीत जाऊन बसले. नारायणस्वामी शेजारच्या खुर्चीत बसला.

"तू कशाला बसलास?"

"मलाही बोलावलंय. आणि तुला मोटार चालवता तरी येते का? क्लच कुठला ते सांग."

"पोस्टमास्तरलाही येत नाही! म्हणून तर शिकतोय!"

"मग आधी क्लच दाब. आणि मग ओरड."

चंद्रमौळींनी हवेतच पाय आपटला. "आयुष्यभर काय केलं मी? हिरोंचा बाप झालो! एका पोरानं कधी घोटभर कॉफी विचारली नाही. यायचं, फोटोपुढे उभं राहायचं, शपथ घ्यायची आणि खलनायकाच्या मागे धावत सुटायचं! अरे, बापाला एकदा विचाराल की नाही, की अप्पा, बदला हवाय का? कोणी सांगितलं मला बदला हवाय? मला झोप हवी असेल!"

"उजवीकडे बघ, बस येतेय."

"येऊ दे! मी आधीच मेलोय!"

यावर नारायणस्वामी फिस्सकन हसला. न्यायाधीशाच्या भूमिकांत त्यानं हे हसू वर्षानुवर्षं दाबून ठेवलं असावं, कारण ते थांबेचना. चंद्रमौळींनी त्याच्याकडे रागानं पाहायचा प्रयत्न केला. ओठ थरथरले, गाल वर चढले, भुवया पळून गेल्या आणि मग तेही खदखदून हसले. खालच्या पडलेल्या दाताचा रिकामा कोपरा कोणत्याच फोटोग्राफरनं कधी दिसू दिला नव्हता, तोसुद्धा दिसला. हसता हसता त्यांनी स्टिअरिंग गरकन फिरवलं. नारायणस्वामीनं खरोखर मोटार वळल्यासारखा खुर्चीचा हात घट्ट धरला.

रंजनीनं कॅमेरामनला कधीच खूण केली होती. दोघांचं हसू ओसरेपर्यंत तिनं कॅमेरा चालू ठेवला. मग म्हणाली, "कट."

खोलीत पुरुषोत्तम एकटाच टाळ्या वाजवत होता, आणि रडतही होता. सकाळपासून त्याला सवयच लागली होती.

"मौळी सर, भूमिका तुमची," रंजनी म्हणाली. "पुढच्या आठवड्यात कपड्यांचं माप द्यायला या. आणि नारायणस्वामी सर, तुमच्याशीही जरा बोलायचंय. शेजारच्या सीटवर कोण बसतं, हे मी अजून ठरवलेलं नाही."

नारायणस्वामीनं मान डोलावून लगेच कुठे बोलायचं असं विचारलं. चंद्रमौळी मात्र जागचे उठले नाहीत. त्यांनी हार काढून पुरुषोत्तमच्या हातात दिला, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले.

"काय झालं सर?"

"क्लच राहिला," चंद्रमौळी म्हणाले. "अजून एकदा घेऊ या."